टक्स

डॉक्टर म्हणाले, “याला टमी टक म्हणतात,” आणि मी भर दवाखान्यात फस्सकन हसले. त्यांना वाटलं, बाई घाबरून हसतेय. घाबरले नव्हते हो! बावीस वर्षं झाली, सिडकोत पवननगरला मी ब्लाउज शिवते. दिवसातून शंभर वेळा तोंडात तोच शब्द. टक्स खाली उतरले, टक्स अर्धा इंच वर घ्या, पाठीला टक्स नको, कटोरीला टक्स कशाला. आणि तोच शब्द या पांढऱ्या कोटातल्या माणसाच्या तोंडी! पोटाला टक्स! म्हणजे जे मी टू बाय टू रुबियावर करते ते ही माणसं जिवंत कातडीवर करतात, आपल्या नाशकात करतात, आणि मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत कुणी सांगितलं नाही?

तेव्हापासून मी ज्याला त्याला सांगत सुटले आहे. आता तर पिको-फॉलला आलेल्या बायका साडी टाकून पळतात. म्हणून लिहूनच काढते.

मागचं थोडक्यात. वजन होतं ११२ किलो. मशीनवर बसलं की पोट मांडीवर यायचं, त्यामुळे काम ठेवायला मांडीच उरायची नाही. शुगर निघाली, गुडघे कुरकुरायला लागले. तेव्हा आमच्या गल्लीत घरोघरी दीक्षित सरांचं दिवसात दोनदाच जेवायचं डाएट चालू होतं. मीही धरलं, शुगरच्या डॉक्टरांना विचारून, आणि सोडलं नाही. पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या. सव्वादोन वर्षांत ६७ किलो. शुगरची गोळी बंद झाली. सोसायटीत सत्कार झाला, शाल-श्रीफळ मिळालं, ‘काय केलंत हो ताई’ म्हणून बायका विचारू लागल्या.

आणि सत्काराच्या साडीच्या आत काय होतं, ते फक्त मला माहीत. पीठ काढून घेतल्यावर डब्याशेजारी पिशवी पडते ना, तसं पोट. पार खाली लोंबणारं. लेण्यांच्या पायऱ्या चढताना मांडीवर थपथप आपटायचं, पहाटेच्या शांततेत मला तो आवाज ऐकू यायचा आणि मागून कुणी येत असलं की मी बुटाची लेस बांधायला वाकायची. त्या घडीच्या खाली घाम साचायचा, लाल व्हायचं, चिघळायचं, पावसाळ्यात तर नायटा. मलम लावलं की आठ दिवस बरं, नवव्या दिवशी पुन्हा. शेवटी मी कटिंगमधून उरलेल्या रुबियाच्या चिंध्या धुऊन, त्यांच्या पट्ट्या करून घडीखाली ठेवायला लागले. ग्राहकांच्या ब्लाउजचे गुलाबी, मोरपंखी, आमसुली उरलेले तुकडे, आणि ते माझ्या पोटाखाली. माझी मापंसुद्धा दोन झाली होती, आवळून ३४ आणि सोडून ४०. मापवहीत माझ्या पानावर दोन्ही लिहिलेली आहेत.

एका व्यायामशाळेत सांगितलं, प्लँक करा, बसेल. चार महिने केलं. आतला स्नायू दगडासारखा झाला आणि वरचं पोट होतं तसं लोंबतच राहिलं. मला वाटायचं, मीच कुठेतरी कमी पडतेय. अजून एक भाकरी कमी करायला हवी.

मग माझी एक ग्राहक, भूलतज्ज्ञ बाई, ट्रायलला आली असताना मी नकळत पदराखालून खाजवत होते. ती म्हणाली, “बघू.” पडद्याआड नेऊन बघितलं आणि म्हणाली, “ताई, ही चरबी नाहीये. ही कातडी आहे. हिला उपाशी ठेवून काही होणार नाही. प्लास्टिक सर्जनला दाखवा.”

प्लास्टिक सर्जन म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे नट्याच आल्या. पण गेले.

त्यांनी उभं केलं. लोंबणारी घडी दोन्ही हातांनी उचलली, सोडली. मग चिमटीत धरून खाली ओढली, पुन्हा सोडली. अहो, मीही हेच करते! ट्रायलला उभ्या राहिलेल्या बाईच्या पाठीवरचा झोळ चिमटीत धरायचा, किती येतो बघायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा. हात शिकलेला आहे की नाही ते त्या चिमटीवरून कळतं. या माणसाचा हात शिकलेला होता.

मग ते सांगायला लागले. कातडीत धागे असतात, काही ताकदीचे, काही ताणले की परत येणारे. कोलॅजन आणि इलॅस्टिन अशी त्यांची नावं. वर्षानुवर्षं ताणून राहिले की तुटतात. मग आतली चरबी गेली तरी कातडी मागे येत नाही. किती वर्षं वजन होतं, वय काय, बाळंतपणं किती, तंबाखू आहे का, घराण्यातली कातडी कशी, त्यावर कमी-जास्त. व्यायामाने स्नायू घट्ट होतो, कातडी नाही. मी म्हटलं, “सर, म्हणजे लेगिंगचं इलास्टिक गेल्यावर ती कितीही धुवा, आत येत नाही, तसंच ना?” ते म्हणाले, “अगदी तसंच.” इतकं साधं! चार महिने मी इलास्टिक गेलेल्या लेगिंगला प्लँक घालायला लावत होते!

पण त्यांनी त्या दिवशी ऑपरेशनची तारीख दिली नाही. वजन सहा महिने एका जागी टिकलेलं दाखवा, मग या, म्हणाले. रक्तात हिमोग्लोबिन नऊच्या घरात होतं, तेही वर आणा. प्रोटीन खा. मी वादच घातला नाही. नुकतीच बाळंत झालेली बाई माप द्यायला आली तर मीही तिला परत पाठवते. आज घेतलेलं माप दोन महिन्यांनी खोटं ठरतं आणि मग दोष शिवणाऱ्याचा.

त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, “मिश्री लावता?” मी नाही लावत, पण आमच्या सासूबाई लावतात, म्हणून कान टवकारले. तंबाखूत जे निकोटिन असतं त्याने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, विडी ओढा नाहीतर हिरड्यांना चोळा. आणि पोटाची कातडी सोडवून खाली ओढली की तिला रक्त पुरवणाऱ्या वाटा तशाही थोड्याच उरतात. त्याही आकसल्या तर शिलाईची कड काळी पडते. निदान चार आठवडे आधी बंद, नाहीतर हे डॉक्टर हातच लावत नाहीत. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “माझं कुठं पोट कापायचंय?”

मी मूळ गोष्टीकडे येते. बेंबी!

मी विचारलं होतं, “एवढी कातडी खाली ओढणार, मग बेंबी कुठे जाणार? गुडघ्यावर?” त्यांनी प्रिस्क्रिप्शनचा कागद उलटा केला आणि चित्र काढलं. बेंबी जात नाही कुठेच. ती आतून देठासारखी पोटाला धरलेली असते. तिच्याभोवती गोल कापून तिला कातडीपासून सोडवायचं, ती आपल्या जागी राहते. खाली, चड्डीच्या रेषेत, एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत आडवा छेद. तिथून कातडी आणि चरबीचा थर वर बरगड्यांपर्यंत स्नायूवरून मोकळा करायचा. मग तो सगळा थर चादरीसारखा खाली ओढायचा. बेंबी त्याच्याखाली झाकली जाते. वरून तिची जागा शोधून तिथे नवीन छिद्र पाडायचं, बेंबी त्यातून बाहेर काढायची आणि कडेने टाके घालायचे.

“काज!” मी ओरडलेच. बाहेरची रिसेप्शनवाली मुलगी डोकावून गेली.

त्या रात्री झोप कसली येते? पावणेबारा वाजता दुकानाचं शटर अर्धं वर करून आत गेले. एक जुनी उशी घेतली. तिच्या मधोमध एक बटण पक्कं शिवलं, ही बेंबी. वरून अस्तराचं कापड मुद्दाम ढिलं, जास्तीचं, लोंबेल असं टाचलं, बटणापुरतं भोक पाडून ते बाहेर काढलं. झालं पोट. माझ्या पोटापेक्षा बरंच दिसत होतं.

पहिला प्रयत्न फसला. मी आधीच खडूने दोन रेषा मारल्या, वरची आणि खालची, आणि दोन्ही कापून मधलं कापड काढून टाकलं. मग जोडायला गेले तर दोन बोटं कमी! कापडाचं काय, दुसरं घेता येतं. बाईच्या पोटावर असं झालं तर? घाम फुटला मला. दुसऱ्यांदा फक्त खालची रेघ कापली. वरचं कापड मोकळं करून खाली ओढलं, किती येतंय ते बघितलं, थोडी माया ठेवली आणि मग जास्तीचं कापलं. बरोबर बसलं. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, आम्हीही तसंच करतो. वरची रेघ अंदाजाची असते, खरं कापायचं ते ओढून बघितल्यावरच. शिवाय टेबल कमरेत दुमडतात, म्हणजे पेशंट अर्धवट बसल्यासारखा होतो आणि कातडी अजून थोडी खाली येते. हे मला उशीवर सुचलं नव्हतं, उशीला कंबर नसते.

मग बटण शोधलं. कापडाखाली बोट फिरवलं, टणक लागलं, तिथे खडूची खूण, कात्रीने चीर, आणि बटण टपकन बाहेर! मी एकटीच टाळ्या वाजवल्या. आणि जुनं भोक? ते खाली खाली सरकत कापायच्या तुकड्यात गेलं होतं. माझ्या हातात वीतभर रुंदीची पट्टी होती आणि तिच्या मधोमध जुना काज. बाळंतपणाचे बेंबीखालचे वळ, ते सगळे त्याच पट्टीत जाणार. मी बघतच राहिले.

टोकांना मात्र झोळ आला. शिलाई जिथे संपवली तिथे दोन्हीकडे कापड कुत्र्याच्या कानासारखं उभं राहिलं. तो घालवायला शिलाई आणखी बाजूला न्यावी लागली. आणखी थोडी. आणखी. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की या ऑपरेशनचा व्रण एवढा लांब, या हाडापासून त्या हाडापर्यंत का असतो! लांबी हौसेची नाही, झोळ मारायची आहे. (सर्जनसुद्धा त्या झोळाला कुत्र्याचा कानच म्हणतात, हे नंतर कळलं. आता बोला!)

सव्वाबाराला लेक शोधत आली. ती नर्सिंगला आहे. “मम्मी, काय करतेस?”

“ऑपरेशन.”

तिने उशीकडे बघितलं, बटणाकडे बघितलं आणि खुर्ची ओढून बसली. मग आमचं सुरू झालं, ती फोनवर शोधतेय आणि मी हातात कात्री घेऊन ऐकतेय, दोन वाजेपर्यंत.

आधी नाक निघालं. नाशिकच्या माणसाला नाकाचं काय सांगायचं! पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं, नासिका म्हणून नाशिक, हे आपल्याकडे शाळेत जायच्या आधी कळतं. तपोवनात पाहुण्यांना फिरवताना मीच दहा वेळा सांगितलंय. पण कापलेलं नाक परत बसवण्यापासून प्लास्टिक सर्जरीची गोष्ट सुरू होते, सुश्रुताने ते लिहून ठेवलंय, ही गोष्ट मला कुणी त्या कथेला जोडून सांगितलीच नव्हती. कापलेल्या नाकाचं नाव गावाला मिळालं, शिवणाऱ्याचं कुठे?

आणि मग पुणं. हे ऐकताना मी कात्री खाली ठेवली. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा एक मराठा शेतकरी होता, कागदोपत्री त्याचं नाव कावसजी असं आहे. १७९२च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच फिरला. मग पुण्याजवळ एका माणसाने त्याला नाक करून दिलं. कोण होता तो माणूस? वैद्य नाही. वीटकाम करणाऱ्या जातीतला, कुंभार म्हणा ना. हाताने आकार देणारा! मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे बघितलं, जेम्स वेल्सने त्याचं चित्र काढलं, तोच वेल्स ज्याने सवाई माधवरावांचं चित्र काढलंय, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये सगळी हकिगत छापून आली.

कसं केलं त्याने? मेणाचा पातळ पत्रा उरलेल्या नाकावर बसवून नाकाचा आकार केला. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला. भोवती रेघ मारली. रेघेवर कातडी सोडवली, दोन भुवयांच्या मधली एक पट्टी मात्र न तोडता ठेवली, म्हणजे रक्त येत राहील. मग कातडीला अर्धा पीळ देऊन ती खाली आणली, नाकाच्या जागी बसवली.

अहो, फर्मा काढला त्याने! आधी फर्मा, मग सपाट करून कापडावर, मग खडू, मग कात्री! माझ्या भिंतीवर खिळ्याला पुठ्ठ्याचे कटोरीचे फर्मे लटकतायत, आणि त्या माणसाने तेच मेणाचं केलं होतं. वरून जोडाला काय लावलं, तर कात. पानाचा कात! पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांवर. चार दिवसांनी काढून तुपात भिजवलेलं कापड. पंचविसाव्या दिवसाच्या सुमाराला भुवयांमधली पट्टी तोडली. पुढे १८१४ मध्ये लंडनच्या कार्प्यू नावाच्या सर्जनने ही पद्धत वाचून तिकडे पहिल्यांदा करून बघितली. पुण्याच्या कुंभाराचं काम लंडनने गिरवलं! त्याचं नाव मात्र कुणी लिहून घेतलं नाही. कारागिराचं नाव कोण लिहितं? ब्लाउज कुणाचा विचारतात, शिवला कुणी हे नाही.

पोटाची गोष्ट त्यामानाने अलीकडची. अमेरिकेत बाल्टिमोरच्या हॉवर्ड केली यांनी १८९९ मध्ये एका बाईच्या पोटाचा सुमारे साडेसात किलोचा तुकडा काढला होता. वर्नन नावाच्या सर्जनने बेंबीच्या काजाची पद्धत लिहून काढली १९५७ मध्ये. एखाद्या शिवणकाम करणाऱ्या बाईला विचारलं असतं तर लवकर सुचलं असतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. मग ब्राझीलच्या इव्हो पितांगी यांनी १९६७ मध्ये छेद इतका खाली नेला की व्रण चड्डीत लपावा. या पितांगींनी वयाच्या नव्वदीत रिओ ऑलिंपिकची मशाल हातात धरली आणि दुसऱ्या दिवशी गेले. लेक म्हणाली, “काय मरण आलंय बघ.” मी म्हटलं, “ते असू दे, शिलाई खाली नेली ना, ते बघ.”

आठ महिन्यांनी तारीख मिळाली. पैशाचं सांगते, कारण पहिला प्रश्न तोच येतो. दोन लाखांच्या वर गेले. मेडिक्लेम मिळाला नाही. पॉलिसीत कॉस्मेटिक सर्जरी वगळलेली असते. अपघात, भाजणं, कॅन्सर किंवा उपचारासाठी गरजेचं असेल तरच देतात, आणि माझा नायटा त्यांना गरजेचा वाटला नाही. माझी भिशी लागली होती, उरलेले दिवाळीच्या ब्लाउजांनी भरले. आमचे हे म्हणाले, “कशाला? मला कुठे काय वाटतं?” मी म्हटलं, “तुमच्यासाठी नाहीच.”

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टर मार्कर घेऊन आले. झोपवून नाही, उभं करून खुणा करतात, कारण झोपलं की पोट दोन्हीकडे पसरतं आणि घडी हरवते. सगळ्यात आधी गळ्याखालच्या खड्ड्यापासून सरळ खाली एक मध्यरेषा. मी पुन्हा हसले. कापड दुमडून मधली घडी पाडल्याशिवाय मीही कात्री लावत नाही. ते म्हणाले, “तुमची डावी बाजू थोडी खाली आहे.” मी म्हटलं, “सर, एकही बाई दोन्हीकडून सारखी नसते. मी बावीस वर्षं मापं घेतेय.” त्यांनी मोजपट्टी लावली. मी माझ्या पोटावर मोजपट्टी लावणारा दुसरा माणूस आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

भूल द्यायला तीच माझी ग्राहक. तिचे चार ब्लाउज माझ्याकडे बाकी होते, त्यामुळे मला परत उठवणं तिला भागच होतं. तसं मी तिला म्हटलंही. ती म्हणाली, “दोनला अस्तर लावायचं विसरू नका,” आणि तेवढंच मला आठवतंय.

साडेतीन तास लागले. दोन बाळंतपणांनी माझ्या पोटाचे मधले उभे स्नायू चार बोटं फाकले होते. ते त्यांनी आतून, छातीच्या हाडाखालपासून तळापर्यंत, एक लांब उभी चूण घेऊन जवळ आणले. म्हणजे खरा टक्स तो! वरून दिसत नाही, अस्तराला घातलेला. कातडीचं काम त्याच्यानंतरचं. वरचा थर खालच्या स्नायूला जागोजागी कच्च्या टाक्यांसारखे टाके घालून धरला, मधे पाणी साचू नये म्हणून. काढलेली कातडी भरली दोन किलो नऊशे ग्रॅम. तीन किलोसुद्धा नाही! जे लोक हे वजन कमी करायचं ऑपरेशन समजतात त्यांना मी हा आकडा सांगते.

शुद्धीवर आल्यावर पोटावर कुणीतरी इस्त्री ठेवून गेल्यासारखं वाटत होतं. दोन्हीकडून नळ्या, त्यांना लाल पाण्याचे डबे. आणि त्याच संध्याकाळी उठवून चालवलं! पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं, हे आधीच सही घेताना समजावलं होतं. पायांत घट्ट मोजे आणि रोज एक इंजेक्शन, तेही त्याचसाठी. चालायचं ते कमरेत वाकून. सरळ उभं राहायचं नाही, नव्या शिलाईवर ताण येतो. आठ-दहा दिवस मी आरती संपल्यावर नमस्कारासाठी वाकलेल्या म्हातारीसारखी घरभर फिरत होते.

सहा आठवडे पट्टा आणि जड काही उचलायचं नाही. सासूबाईंनी हिशोब लावला, “म्हणजे सव्वा महिना. बाळंतीणच की!” आणि खरंच, माझ्या दोन्ही बाळंतपणांत याच बाईने सुती लुगड्याने माझं पोट कचकचून बांधलं होतं. यावेळी त्यांनी डॉक्टरांचा वेलक्रोचा पट्टा उलटसुलट बघितला, “ह्याला काय धर आहे?” म्हणाल्या, आणि डिंकाचे लाडू करायला बसल्या. मी हात जोडले. मग मूग, अंडी, पनीर यांच्यावर तडजोड झाली.

तिसऱ्या आठवड्यात एक भानगड झालीच. कूस वळले तर आत गोळ्यासारखं काहीतरी डुचमळलं, गरम पाण्याच्या पिशवीत होतं तसं. एवढे कच्चे टाके घालूनही पाणी साचलं होतं. डॉक्टरांनी सुईने ओढून काढलं, चार दिवसांनी पुन्हा एकदा. दुखलं नाही, कारण बेंबीखालची कातडी बधिर होती. अजून आहे थोडी. तिथे हात लावला की वाटतं, मी माझ्या नाही, दुकानातल्या पुतळ्याच्या पोटाला हात लावतेय.

पण पट्टा निघाल्यावरचा पहिला दिवस! अंघोळ करून, पुसून, सवयीने रुबियाची पट्टी हातात घेतली आणि ठेवायला जागाच नाही. घडीच नाही! मी ओली पट्टी हातात धरून मोरीत किती वेळ उभी होते, सांगता येत नाही. मग परकराची नाडी बांधली. नाडी कमरेवर बसली आणि बसली तिथेच राहिली. मापवहीत माझ्या पानावरचे दोन्ही आकडे खोडून एक लिहिला, ३२.

त्यानंतर पांडवलेणीला गेले ते आधी हळूहळू, अर्ध्यापर्यंत. मग वर. तीन नंबरच्या लेण्यात, गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे तिथे, टेकून बसले आणि ऐकलं. पायऱ्यांवरून वर येणाऱ्या लोकांच्या बुटांचा आवाज. दुसरा कसलाच नाही.

सहा महिन्यांनी दाखवायला गेले. व्रण अजून जांभळट आहे, वर्षभरात फिका होईल म्हणतात. त्यावर रात्री सिलिकॉनची पट्टी लावते. बेंबी बघून डॉक्टर खूश झाले. खरंच सुरेख आहे, छोटा उभा काज. मी मात्र साडी सारून उजव्या कमरेकडे बोट नेलं, चिमटीत धरलं, सोडलं, पुन्हा धरलं.

“सर, इथे झोळ आहे. अर्ध्या बोटाचा.”

त्यांनी वाकून बघितलं. चिमटीत धरलं, सोडलं. “आहे,” म्हणाले.

“माझ्याकडे अल्टरेशन फ्री असतं.”

ते हसले. “माझ्याकडेही. जागा बधिर करून पंधरा मिनिटांचं काम आहे. पण आत्ता नाही. अजून सूज आहे, कापड पूर्ण आटू दे. वर्ष झाल्यावर या, राहिला असेल तर काढू.”

नवीन सुती कापड पाण्यातून काढून वाळवल्याशिवाय मीही कात्री लावत नाही. घरी येऊन कालनिर्णयावर पुढच्या जूनमधल्या एका बुधवारी खूण केली. बुधवारी दुकान बंद असतं.